रीसलिंग कशी चाखावी: कोकणातल्या घरी, ओळखीच्या वासांवरून

वाइन चाखायला शिकवा म्हणणाऱ्यांना मी आधी एकच प्रश्न विचारते: मीठ-तिखट लावलेली कैरी समोर आली की तोंडाला पाणी सुटतं का? नाही म्हणणारं मला आजवर कुणी भेटलेलं नाही. ज्याला पाणी सुटतं त्याला रीसलिंग कळायला अवघड नाही, कारण या वाइनचा जीव तिच्या आंबटपणात आहे. उच्चार रीसलिंग असा करा, रायस्लिंग नव्हे.

रीसलिंग हे पांढऱ्या द्राक्षाचं नाव आहे आणि त्याच्या वाइनचंही. या द्राक्षाची सर्वांत जुनी लेखी नोंद १३ मार्च १४३५ ची आहे, जर्मनीतल्या रुसेल्सहाइमच्या एका हिशेबात. वेलींच्या खरेदीपोटी खर्च टाकलेला आहे. सुगंधी पांढऱ्या वाइनच्या घराण्यातलं हे एक भावंड. गेव्युर्त्सट्रामिनर, मस्कॅट, अल्बारिनो, सॉव्हिन्यॉन ब्लाँ हे बाकीचे.

पहिली पायरी: थंड प्रदेशाचा अर्थ कैरीवरून समजून घ्या

मार्चमधली कैरी दात आंबवते. मग उन्हं चढतात, आंबटपणा ओसरतो, गोडी भरते आणि पाड लागेपर्यंत फळच बदलून जातं. द्राक्षाचंही तसंच. त्यात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक ही आम्लं असतात आणि यातलं मॅलिक उष्णतेत झपाट्याने घटतं. (कैरीतली आम्लं थोडी वेगळी, पण खेळ तोच.) गरम प्रदेशात साखर भरभर चढते, आंबटपणा तितक्याच घाईने उतरतो आणि वास नीट घडायच्या आत तोडणीची वेळ येते.

जर्मनीतलं मोझेल नदीचं खोरं सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे रीसलिंग ऑक्टोबरपर्यंत, कधी त्याहीनंतर वेलीवर राहतं. रात्री गार असतात, त्यामुळे आंबटपणा टिकतो आणि वास सावकाश भरत जातो. हापूसचा वास आलाय पण कैरीचा आंबटपणा अजून गेलेला नाही, असं फळ कल्पना करून पाहा. आपल्या कलमांवर ते कधी मिळत नाही, म्हणून मला या वाइनचं पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं.

मोझेलच्या उतारांवर पाटीचा दगड आहे, आपण शाळेत ज्यावर लिहायचो तोच. तो दिवसा तापतो आणि संध्याकाळी वेलींना ऊब परत देतो. देवगडचे बागायतदार कातळावरच्या कलमांचं कौतुक करतात, ते ऐकलेल्याला ही गोष्ट पटकन समजेल. ब्रेम गावाजवळची कालमोंट नावाची बाग तर सुमारे ६५ अंशांच्या चढावर आहे.

दुसरी पायरी: बाटली वाचा

उंच, सडपातळ, खांदे नसलेली बाटली दिसली की ती बहुधा या घराण्यातली. मग लेबलावर अल्कोहोलचा आकडा शोधा. दुकानात उभं राहून गोडीचा अंदाज घ्यायला माझ्या मते याहून भरवशाची खूण नाही. द्राक्षातली साखर आंबून तिचं अल्कोहोल होतं. आकडा ७.५ ते ९ टक्के असेल तर बरीच साखर न आंबता वाइनमध्ये उरली आहे, म्हणजे वाइन गोडसर असणार. १२ किंवा वर असेल तर ती बहुतेक ड्राय, साखर जवळपास संपलेली. जर्मन लेबलावर 'ट्रॉकन' लिहिलं असेल तर साखर लिटरला ९ ग्रॅमपेक्षा जास्त नसते.

काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. ते गोडीचे शब्द नव्हेत. तोडणीच्या वेळी द्राक्ष किती पिकलं होतं, रसात साखर किती होती, ते त्यातून कळतं. म्हणून 'श्पेटलेझे ट्रॉकन' अशी ड्राय बाटलीही असते. ऑस्ट्रियातल्या वाखाऊची आणि ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व ईडन व्हॅलीची रीसलिंग बहुतांश ड्राय. फ्रान्समधल्या अल्सासचीही बरीचशी ड्रायच, पण सगळी नव्हे. आणि फिरकीचं झाकण बघून बाटली हलकी समजू नका. क्लेअर व्हॅलीतल्या अनेक उत्पादकांनी २००० च्या हंगामात आपल्या चांगल्या रीसलिंगला विचारपूर्वक तेच झाकण लावलं, कारण खराब बुचाने वास मरतो.

परदेशी बाटली महाग पडते. हात बसायला नाशिकची घ्या. तिथल्या सुला या वाइन कंपनीने २००० मध्ये पहिल्या वाइन आणल्या तेव्हा त्यात सॉव्हिन्यॉन ब्लाँ होती. पुढे त्यांची रीसलिंगही आली. नाशिक हा थंड प्रदेश नव्हे. तिथे पावसाळा संपताना छाटणी करून थंडीच्या गार रात्रींचा फायदा घेतात आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणी करतात. त्या वाइनमध्ये आंबटपणा मोझेलइतका धारदार नसतो, आणि हाच फरक चाखायला शिकायचा आहे.

तिसरी पायरी: उन्हापासून जपा आणि नीट गार करा

एका मे महिन्यात मुंबईहून मालवणला येताना मी एक चांगली बाटली गाडीच्या डिकीत ठेवली. घरी पोचले तर बूच वर सरकलेलं, आणि वाइनला शिजवलेल्या सफरचंदाची चव. वाईट वाटलं ते पैशांपेक्षा त्या वासाचं, तो मला कळलाच नाही. तेव्हापासून बाटली ओल्या पंचात गुंडाळून बर्फाच्या पेटीत आणते. घरी फ्रिजमध्ये, दारात नव्हे, आत मागच्या बाजूला ठेवते.

प्यायचं तापमान ८ ते १० अंश. फ्रिज त्याहून गार असतो आणि फार गार वाइनला वासच नसतो, म्हणून दहा मिनिटं आधी बाहेर काढा. पण कोकणातल्या उन्हाळ्यात ती पाहता पाहता कोमट होते, तेव्हा ग्लासात तीन-चार घोटच ओता आणि बाटली परत गार ठेवा. वीज गेली असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, त्यात दोन मुठी जाडं मीठ टाका. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. मासळी बाजारातला बर्फही चालतो, तो बाहेरूनच लागणार आहे. फक्त नंतर बाटली धुवून घ्या.

चौथी पायरी: लिंबू-पाण्याने जीभ तयार करा

ही पायरी गाळू नका. दोन पेले पाणी घ्या आणि दोन्हींत दोन-दोन चमचे साखर विरघळवा. एकात अर्धं लिंबू पिळा. आता दोन्ही चाखा. साखर सारखीच, पण लिंबाचा पेला कितीतरी कमी गोड लागतो आणि गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं. गोडसर रीसलिंगमध्ये नेमकं हेच घडतं. "गोड वाइन मला नको" म्हणणाऱ्यांनी हा पेला पिऊन मग ठरवावं. कोकम सरबत आवडीने पिणारा माणूस गोडीला कंटाळलेला नसतो, आंबटाशिवायच्या गोडीला कंटाळलेला असतो.

पाचवी पायरी: वासांचं ताट मांडा

छोट्या वाट्यांत या वस्तू ठेवा: लिंबाची ताजी साल, कैरीची फोड, ठेचलेले धणे, गुलाबाच्या पाकळ्या, हिरव्या ढोबळी मिरचीचा तुकडा, मध. लिची मिळाली तर तीही. एकेक वाटी डोळे मिटून हुंगा, मग ग्लास हुंगा.

वाइनमध्ये कुणी गुलाब टाकलेला नसतो, मग गुलाबाचा वास येतो कुठून? रेणू तेच असतात. धण्यातलं लिनॅलूल हे मस्कॅट आणि रीसलिंगच्या द्राक्षातही असतं. गुलाबातलं जिरॅनिऑल तसंच. गेव्युर्त्सट्रामिनरला लिचीचा वास येतो, कारण रोझ ऑक्साइड हा रेणू दोघांतही आहे. ढोबळी मिरचीचा हिरवा वास ज्या पायरॅझिनमुळे येतो तेच सॉव्हिन्यॉन ब्लाँमध्ये सापडतं. आणि जुन्या रीसलिंगला चक्क रॉकेलचा वास येतो. उन्हात वाढलेल्या द्राक्षाच्या सालीतल्या रंगद्रव्यांपासून बाटलीत हळूहळू तयार होणारा टीडीएन हा रेणू त्याला कारण. पुष्कळ लोक नाक मुरडतात. मला मात्र त्या वासाने आजीच्या पडवीतला कंदील आठवतो, आणि जुन्या बाटलीत तो मधाच्या वासाबरोबर आला की मी ग्लास लवकर संपवत नाही.

दोन पथ्यं पाळा. केसांत सुरंगीचा वळेसर असेल तर तेवढ्यापुरता बाजूला ठेवा, त्या वासापुढे कुठलीच वाइन टिकत नाही. आणि मासे तळायला घेण्याआधी चाखून घ्या. पावसाळ्यात कपाटातल्या ग्लासांना कुबट वास धरतो, ते आधी गरम पाण्याने विसळून कोरडे करा.

सहावी पायरी: चाखा

ग्लास दांडीला धरा, तळहाताची ऊब लागू देऊ नका. एकदा न हलवता हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. छोटा घोट तोंडभर फिरवा आणि गिळा. त्यानंतर बोलू नका, जिभेच्या कडांकडे लक्ष द्या. पाणी किती वेळ सुटत राहतं ते मनात मोजा. चांगल्या मोझेल रीसलिंगला मी वीसच्या पुढे मोजलं आहे. गोडी आधी विरते की आंबटपणा? गोडी मागे राहून तोंड चिकट झालं तर वाइनचा तोल गेलेला आहे, लेबल कितीही मोठं असो. दोन बाटल्या असतील तर ड्राय आधी, गोड नंतर.

सातवी पायरी: ताटाशी जोडा

मालवणी मसाल्याच्या रश्शासोबत जास्त अल्कोहोलची वाइन तिखटाला आणखी भडकवते. आठ-नऊ टक्क्यांची गोडसर काबिनेट ते शांत करते. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि काबिनेट ही माझी सर्वांत लाडकी जोडी आहे. तिरफळ लिंबाच्याच कुळातलं, त्याचा वास वाइनच्या लिंबाळ वासाला जाऊन भिडतो. बांगड्यासोबत रेड वाइन घेऊन तोंडात हिवस वास का येतो, असं लोक विचारतात. रेड वाइनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं, आणि ते माशाच्या तेलाशी मिळून तो वास उठवतं.

तळलेल्या बोंबलांसोबत किंवा नारळाच्या रसातल्या कोळंबीसोबत ड्राय रीसलिंग घ्या. सोलकढी मात्र जेवणाच्या शेवटी. कोकमापुढे वाइनचा आंबटपणा फिका पडतो.

तिसऱ्यांच्या सुक्यासाठी स्पेनच्या वायव्येकडची अल्बारिनो शोधा. ती जिथली, त्या भागाचं नाव रिआस बाइशास. 'रिआस' म्हणजे खाड्या. तिथे पाऊस भरपूर, म्हणून द्राक्षवेली ग्रॅनाइटच्या खांबांवरच्या मांडवांवर चढवतात, आपण पडवळाला करतो तशाच, आणि खाडीत कालवं-शिंपल्या निघतात. इतकी आपल्यासारखी जागा असल्यावर ती वाइन तिसऱ्यांशी जुळली यात नवल नाही. गेव्युर्त्सट्रामिनर तिखटासोबत घ्या असं सर्रास सांगतात, मला ते पटत नाही. तिच्यात आंबटपणा कमी आणि अल्कोहोल जास्त, रश्शापुढे ती जड होते. ओल्या काजूच्या उसळीसोबत घेऊन बघा. ऑस्ट्रियाची ग्र्यूनर व्हेल्टलिनर ही पांढरी वाइन मिळाली तर घरचं काळं मिरं ठेचून शेजारी ठेवा. रोटंडोन नावाचा रेणू दोन्हींत आहे.

आठवी पायरी: दुसऱ्या दिवसासाठी ठेवा

बाटली एका बैठकीत संपवू नका. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर रीसलिंग तीन-चार दिवस चांगली राहते. दुसऱ्या दिवशी तिचा वास बहुधा बदललेला असतो, कधी पहिल्या दिवसापेक्षा उघडलेला. वहीत चारच गोष्टी लिहा: लेबलावरचा अल्कोहोलचा आकडा, ओळखलेले तीन वास, पाणी कितीपर्यंत सुटलं, आणि त्या दिवशी ताटात मासा कोणता होता.