फियाट भारी की आठशे? अशी लावा तुलना

वडिलांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आमची फियाट, आणि सासऱ्यांची १९८७ ची मारुती आठशे, दोन्ही पुण्यात धनकवडीत माझ्याच शेडमध्ये. पुतण्या दर दिवाळीला विचारतो, "काका, दोघींत भारी कुठली?"

कागदावर बघायला गेलात तर गोंधळ होतो. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. आठशेचं ७९६ सीसी, तीन सिलिंडर. ताकद मात्र दोघींची ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. फरक वजनात आहे. फियाट ९०० किलोला टेकते, आठशे साडेसहाशेच्या आत-बाहेर. म्हणून एकटे बसून चालवलीत की आठशेच चपळ वाटणार, आणि लोक तिथेच निकाल देऊन मोकळे होतात.

तसं करू नका. भल्या पहाटे जुना कात्रज घाट गाठा. एकाच दिवशी, दोन्ही गाड्यांत टायरची हवा नीट भरून, आधी एकट्याने आणि मग चौघांना बसवून चढवा. चार माणसं म्हणजे पावणेतीनशे किलो. आठशेच्या अंगावर हे ओझं जास्त पडतं, कारण तिचं मूळ वजनच कमी. कुठल्या वळणावर कुठला गियर टाकावा लागला ते लिहून ठेवा, स्टॉपवॉच नको. पहिल्या फेरीत आठशे जेवढी पुढे होती तेवढी दुसऱ्या फेरीत राहत नाही.

त्याआधी मात्र गाडी तिच्या वयाप्रमाणे तपासून घ्या, नाहीतर तुलना दोन गाड्यांची न होता दोन आजारांची होते. फियाटचा हँड गियर (स्टीअरिंगजवळचा दांडा) ढिला लागला तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका, आधी लिंकेजचे, म्हणजे दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळ्यांचे, बुश बघा. सकाळी चोक ओढून चालू झाली पण नंतर फडफडते, तर ठिणगीसाठीचे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट साफ करा. उन्हाळ्यात घाटात बंद पडली तर बॉनेट उघडून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबा. आमच्या वडिलांच्या डिकीत ते फडकं कायम असायचं. आठशेचं दुखणं वेगळं. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. टकटक आली तर पुढचा एक्सल जॉइंट गेलाय. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकाला आठवत नसेल, तर आधी बदला, मग घाट.

पत्र्यासाठी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली. बाहेरून दोन्ही चकचकीत असतात, पण फियाटच्या दाराखालची पट्टी आणि आठशेच्या पायाखालचा पत्रा चटई उचलून बघितल्याशिवाय बोलू नका. माझ्या आठशेत चटईखालून थेट शेडची फरशी दिसत होती!

बसायला फियाट, यात वाद नाही. पुढे अखंड सीट, गियर स्टीअरिंगला, त्यामुळे लहानपणी आम्ही पुढेच तिघं बसायचो. गर्दीत वळवायला आणि पार्किंगला आठशे. तिची चाकं १२ इंची, फियाटची १४. खड्ड्यात ते लगेच कळतं.

शेवटी सुट्या भागांचा हिशोब मांडा. आठशे २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचं सामान गल्लीतल्या दुकानातही निघतं. फियाटसाठी रविवारी जुना बाजार धुंडाळावा लागतो. दाराचं हँडल मिळालं तर दोन घेऊन ठेवा.