अशक्त रुग्णाच्या जठराच्या कर्करोगावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरवताना

वयाने थकलेल्या किंवा इतर आजारांनी खंगलेल्या रुग्णाला जठराचा कर्करोग झाल्याचे कळले की नातेवाईक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची, म्हणजे पोटावर लहान छेद घेऊन केलेल्या लॅपरोस्कोपीची, चौकशी करतात. त्याआधी मात्र पोटाला छेद न देताच गाठ काढता येईल का, हे विचारावे. कर्करोग जठराच्या आतल्या अस्तरापुरता असेल, तो पसरण्याची शक्यता कमी असलेल्या प्रकारचा असेल आणि तिथे व्रण (अल्सर) नसेल, तर एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडावाटे जठरात नेलेल्या नळीतून, तेवढा थर सोलून काढता येतो. या पद्धतीला ईएसडी म्हणतात. तीतही रक्तस्रावाचा आणि छिद्र पडण्याचा धोका असतो, आणि काम पुरेसे झाले की नाही हे काढलेल्या तुकड्याच्या पॅथॉलॉजी अहवालावरूनच ठरते.

गाठ खोल असेल तर दुर्बिणीचा पर्याय येतो. छेद लहान असले तरी आतली शस्त्रक्रिया लहान नसते: जठराचा भाग आणि लसिका ग्रंथी (कर्करोग जिथे पसरू शकतो त्या जवळच्या लहान गाठी, लिम्फ नोड) काढून आतड्याशी जोडणी करावीच लागते, आणि ती जोडणी गळण्याचा धोका इथेही राहतो. फायदा असा की जखम कमी दुखल्याने रुग्ण खोल श्वास घेऊ शकतो, खोकू शकतो आणि लवकर उठतो. मात्र पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, जो साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका असतो, कमकुवत हृदय आणि फुप्फुसांवर ताण आणतो. म्हणून सर्जनइतकेच भूलतज्ज्ञाचे मत महत्त्वाचे मानावे. ग्रंथी किती काढायच्या आणि जठराचा काही भाग राखता येईल का, हेही स्पष्ट विचारावे.

रुग्णाची ताकद केवळ वयावरून जोखू नये. ४ मीटर चालायला ५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल किंवा अलीकडे वजन बरेच घटले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शस्त्रक्रियेपूर्वीचा काळ प्रथिनयुक्त आहार, रक्तक्षयावरील उपचार, श्वसनाचे व्यायाम आणि रोजचे चालणे यांसाठी वापरावा. रक्त पातळ करणारी औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्ण काही दिवस भ्रमित होऊ शकतो. चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचे माणूस जवळ असल्यास त्रास कमी होतो. घरी आल्यावर थोडे थोडे, अनेकदा खायला द्यावे. संपूर्ण जठर काढले असल्यास बी-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून द्यावे लागते. त्याच्या इंजेक्शनांचे वेळापत्रक सुटी मिळण्यापूर्वीच लिहून घ्यावे.