सर्च सर्व्हरचा रिस्पॉन्स किती मोठा? मोजायला बसण्याआधी

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर किंवा विजयनगरमधल्या कंपन्यांत सर्चचं काम नव्याने हाती आलं, की एक तक्रार ठरलेली असते: ‘मोबाइलवर सर्च हळू चालतो.’ सोलर (Solr) या सर्च सर्व्हरच्या लॉगमधला क्यूटाइम, म्हणजे क्वेरीला लागलेला वेळ, मात्र १२ मिलिसेकंद दाखवतो. दोन्ही खरं असू शकतं. क्यूटाइममध्ये क्लायंटकडे उत्तर लिहून पाठवण्याचा वेळ धरलेला नसतो. साठवलेली फील्ड्स वाचण्याचं कामही बरंचसं तेव्हाच होतं. इलास्टिकसर्च या दुसऱ्या सर्च सर्व्हरच्या उत्तरातला ‘टुक’ (took, लागलेला वेळ) हाही नेटवर्कवरचा वेळ मोजत नाही. म्हणून आधी आकार बघायचा.

कोणता आकार, हे पहिल्यांदा ठरवा. तारेवरून जाणारे बाइट गझिपनंतरचे, म्हणजे दाबून लहान केलेले असतात; फोनला पार्स करावं (वाचून उलगडावं) लागतं ते न दाबलेलं जेसन, म्हणजे उत्तराचा मजकूर. कर्ल या कमांडला उत्तर डेव्ह-नलमध्ये (म्हणजे कुठेही न साठवता) टाकायला आणि ‘साइझ डाउनलोड’ छापायला सांगा. एकदा ‘कॉम्प्रेस्ड’ पर्यायासह, एकदा त्याच्याशिवाय. दोन्ही आकडे लिहून ठेवा. दर डॉक्युमेंटमागे फील्डची तीच नावं पुन्हा येतात, त्यामुळे गझिप चांगलंच दाबतं. फक्त हेडर मागवून कंटेंट-लेंग्थ वाचण्याच्या फंदात पडू नका. उत्तर चंक्ड असेल, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी येत असेल, तर ती नसतेच.

आपल्याकडे खरी गडबड देवनागरीची. इंदूरच्या दुकानांची नावं-पत्ते हिंदी-मराठीत असतील, तर यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘इंदूर’ म्हणजे अनुस्वार आणि ऊकार धरून ५ चिन्हं, १५ बाइट. पायथनमध्ये त्या स्ट्रिंगची लांबी विचारली तर उत्तर ५. तेच पायथनच्या जेसन-डम्प्समधून काढलं तर प्रत्येक चिन्हाच्या जागी सहा अक्षरी कोड (एस्केप) येतो, म्हणजे अवतरणचिन्हं सोडून ३०. एकाच शब्दाची तीन मापं! सर्व्हरकडून आलेले कच्चे बाइट मोजा, स्वतः पुन्हा जेसन बनवून नाही.

मग वजन कुठे आहे ते शोधायचं. सोलरमध्ये ‘रोज’ (rows, किती निकाल हवेत) शून्य करा: उरतं ते हेडर आणि फॅसेट, म्हणजे प्रकारानुसार निकालांची मोजणी. फॅसेटची मर्यादा मुळात १०० असते. कुणी ती -१ (अमर्याद) केली असेल तर चोर तिथेच सापडतो. मग ‘रोज’ पूर्ववत करून ‘एफएल’मध्ये (fl, कोणती फील्ड्स हवीत) फक्त आयडी मागा. मूळ क्वेरीच्या आकारातून हा आकार वजा केला, की उरलेल्या फील्ड्सचं वजन कळतं. हायलाइटिंग (सापडलेले शब्द ठळक करणं) आणि डीबग वेगळे बंद करून बघा. सापडलेल्या निकालांची संख्या लाखात असली तरी आकारात जेमतेम काही अंक वाढतात. लांबलचक वर्णनाचं एक फील्ड मात्र दहा ओळींतच घात करतं.

दररोजच्या मोजणीसाठी सर्च सर्व्हरपुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याच्या लॉगमधले बॉडीचे बाइट घ्या. ते हेडर सोडून आणि दाबलेले असतात. ४९९ या स्टेटस कोडच्या ओळी आधी गाळा, कारण तिथे क्लायंटने मध्येच जोडणी तोडलेली असते. ऑटोकम्प्लीटही वेगळं काढा, नाहीतर त्या चिमुकल्या उत्तरांनी सरासरी गोंडस दिसते. सरासरीऐवजी ९५ आणि ९९ पर्सेंटाइल (ज्याखाली ९५ किंवा ९९ टक्के उत्तरं येतात ते आकडे) बघा, आणि त्या टोकाच्या क्वेऱ्या पुन्हा कर्लने चालवा.

इलास्टिकसर्चमध्ये ‘सोर्स’ (साठवलेलं मूळ डॉक्युमेंट) गाळला नाही तर अख्खं डॉक्युमेंट परत येतं. उत्तरातले नको ते भाग गाळणाऱ्या ‘फिल्टर पाथ’ने उत्तर लहान होतं, पण शार्डवरचं (इंडेक्सच्या तुकड्यांवरचं) काम तेवढंच राहतं.