स्लिटिंग सॉची टकटक अशी थांबली

घरच्या छोट्या मिलिंग मशीनवर स्लिटिंग सॉ, म्हणजे धातूत खाच पाडायचं पातळ गोल दातेरी ब्लेड, लावला की टक-टक आवाज यायचा. म्हणजे दोन-चार दातच कापत होते, बाकीचे नुसते फिरत होते. ब्लेड चांगलं होतं: एचएसएस (हाय-स्पीड स्टील), 63 मिमी व्यास, 16 मिमी भोक. आर्बर म्हणजे ब्लेड धरणारा दांडा. त्याच्या बसणीवर, जिथे ब्लेड बसतं तिथे, डायल गेज टेकवला तर काटा चांगलाच हलला. विकत मिळालेल्या त्या आर्बरची बसणच शँकशी (मशीनमध्ये धरायच्या टोकाशी) एका मध्यावर नव्हती, शिवाय ब्लेडच्या भोकात सैल.

इथे वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरकाकांकडून नवा आर्बर करून घेतला. शँक आणि बसण एकाच सेटिंगमध्ये, जॉब लेथच्या चकमधून न काढता टर्न करा, हा माझा आग्रह. काका म्हणाले, "ब्लेड हातानं सरकलं पाहिजे भाऊ, पण डुलता कामा नये." अगदी तसंच बसलं. ब्लेड आर्बरवर पक्कं अडकवणारी चावी (की) मुद्दाम ठेवली नाही. पातळ ब्लेड अडकलं तर घसरू दे, फुटायला नको.

आता आवाज बराच सलग येतो. माइल्ड स्टीलला 120 आरपीएमच्या आसपास चालवतो, कटिंग ऑइल सोडत. खोल खाचेला कमी दातांचंच ब्लेड घ्या. बारीक दातांत चिप (कापलेल्या धातूचा कीस) अडकते आणि काप वाकडा जातो. पातळ पत्र्याला मात्र बारीक दातच हवेत.