श्रीलंकेचं गाइडबुक लिहिताय? मग या चुका टाळा

माझ्याकडे नवीन लेखकांची हस्तलिखितं तपासायला येतात, त्यात श्रीलंकेवरची बरीच असतात, आणि चुका बघाल तर दरवेळी त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्ख्या देशाला एकच सीझन लावून टाकणं. "डिसेंबर ते मार्च उत्तम" एवढं लिहिलं की लेखक मोकळा. अहो, देश लहान असला तरी तिथं दोन मान्सून आहेत. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल, मिरिसा या बाजूला कोसळतो, मधले डोंगर तो अडवतात आणि त्याच महिन्यांत पूर्वेला त्रिंकोमाली, निलावेली, अरुगम बे बऱ्यापैकी कोरडे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उलटं, पाऊस पूर्वेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्हीकडे भिजायची तयारी ठेवायची. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये खरंतर.

एकाने फेब्रुवारीत मिरिसा बघितलं आणि लिहिलं, "वर्षभर पोहण्यालायक, व्हेल हमखास." मी शेरा मारून परत पाठवलं, पण सुट्टीच्या आधी पुस्तक काढायची घाई होती, ते तसंच छापलं गेलं. माझ्या ओळखीतलं पुण्याचं एक कुटुंब ते वाचून मेच्या शेवटी गेलं, आजी-आजोबांना घेऊन. तिथं समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे, व्हेलच्या बोटी बंद, कारण तिकडचा व्हेलचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पोरं खोलीत पत्ते खेळत बसली, आणि त्याच आठवड्यात त्रिंकोमालीला ऊन पडलेलं. लोक वर्षभर पैसे साठवून एक सुट्टी काढतात हो, ती आपल्या एका ओळीवर जाते याचा मला अजून राग येतो.

माझी पद्धत सांगते. प्रत्येक गावाचा बारा महिन्यांचा तक्ता करते. गेस्टहाउसवाल्याला "कधी यावं" असं विचारत नाही, तो बिचारा कधीही या म्हणणार. रंगकाम, डागडुजी कुठल्या महिन्यात काढता, भाडं कधी उतरवता, हे विचारते, मग किनाऱ्यावर जाऊन कोळ्यांना विचारते की बोटी वर कधी ओढून ठेवता, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच लिहिते. ऑफसीझनला एकदा तरी जाऊन यायलाच हवं, एका ट्रिपवर गाइडबुक लिहायला बसू नका.

नकाशावरून वेळ काढू नका. कँडी ते एला रस्त्याने साधारण १४० किलोमीटर दिसतं, म्हणून लोक "सकाळी कँडी, दुपारी एला, संध्याकाळी याला नॅशनल पार्कमध्ये सफारी" असा प्लॅन छापतात. ट्रेनलाच सहा-सात तास लागतात, रस्ता घाटाचा. मी स्वतः प्रवास केल्याशिवाय तास लिहीत नाही.

पोया म्हणजे दर पौर्णिमेला सुट्टी असते, दारूविक्री बंद. हे कॅलेंडरसकट द्या.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, हे देवळाच्या वर्णनातच लिहा, मागच्या "टिप्स"मध्ये कोणी वाचत नाही.

मराठी वाचकासाठी लिहिताना परदेशी गाइडबुकं उतरवणं तर अगदीच वाईट. त्यात सिगिरियाचं, म्हणजे खडकावरच्या जुन्या किल्ल्याचं, परदेशी लोकांचं पूर्ण तिकीट असतं, आपल्याला पासपोर्ट दाखवला की सार्क देशांचा कमी दर मिळतो ते कोणी लिहीतच नाही. आणि "व्हेज सगळीकडे मिळतं" हे वाक्य बघितलं की मी पान बाजूला ठेवते. तिथल्या नारळाच्या चटणीत, पोल सांबोलमध्ये, सुक्या माशाचा चुरा खूपदा असतो, मालदीव फिश म्हणतात त्याला, भाज्यांतही घालतात. काटा नाही, तुकडा नाही, खाणाऱ्याला कळतही नाही. ज्यांच्या घरात मासा चालत नाही त्यांना हे आधी कळायला नको का? मी ऑर्डर देतानाच त्याचं नाव घेऊन विचारते, नुसतं "व्हेज आहे का" विचारून भागत नाही, आणि जिथं स्वयंपाक करणाऱ्याने स्वतः येऊन नाही म्हणून सांगितलं तेवढीच हॉटेलं यादीत घेते.

किमतींचं काय करायचं हे सगळे विचारतात. २०२२ मध्ये तिथला रुपया डॉलरला साधारण २०० वरून काही महिन्यांत ३६० च्या आसपास गेला, तेव्हा छापलेली सगळी भाडी रद्दीत गेली. त्यामुळे प्रत्येक किमतीपुढे महिना-वर्ष टाकायचं, प्रकाशक जागा नाही म्हणाला तर एखादा फोटो कमी करायला सांगायचं.