जकार्डच्या (मागावर नक्षी विणायच्या) डिझाइनचा जुना कॉम्प्युटर चालू होत नसेल तर

मी सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझी बरीच गिऱ्हाइकं चादर-टॉवेलवाली आहेत. त्यांच्यातल्या काहींकडे अजून विंडोज ९८ चं मशीन आहे, कारण डिझाइनचं सॉफ्टवेअर मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय (सॉफ्टवेअरची किल्ली असलेल्या छोट्या डबीशिवाय) उघडत नाही आणि नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. त्या हार्ड डिस्कवर कारखान्याची वर्षानुवर्षांची डिझाइनं असतात. म्हणून कुणी "फॉरमॅट मारून देतो" म्हणालं तर हात लावू देऊ नका. बिघाड बहुतेक वेळा विंडोजच्या आधीच असतो.

मशीन नेमकं कुठं अडतं ते आधी बघा. पंखाच फिरत नाही, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, पांढरी अक्षरं येऊन थांबतात, की विंडोजचं चित्र येऊन लटकतं? प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं.

पंखा फिरत नसेल तर वायर, भिंतीवरचा बोर्ड आणि यूपीएस तपासा. मग एसएमपीएसचा (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचा) मोठा कनेक्टर मदरबोर्डवरून काढा, त्यातली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला वायरच्या तुकड्यानं जोडा आणि लाइट चालू करा. एवढं करूनही एसएमपीएसचा पंखा हलला नाही तर एसएमपीएस गेला, बदला. तो उघडून आत हात घालू नका. लाइट काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) करंट राहतो.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी असेल तर आपल्याकडे पहिला संशय धुळीवर. मागाजवळच्या खोलीत कापसाची लव कॅबिनेटमध्ये जाऊन हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) थर धरते आणि उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की प्रोसेसर तापून मशीन बंद पडतं. मऊ ब्रशनं झाडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्याबरोबर पाण्याचे थेंब येतात. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसा आणि दोन्ही खटके बसेपर्यंत परत दाबा. बीप ऐका: अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्रॅम) एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड सैल किंवा खराब. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर ते बदलावे लागतील. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर हा आजार फार आहे.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. "सीएमओएस चेकसम एरर" (बायोसची साठवलेली सेटिंग बिघडली) असं येऊन मशीन एफ१ दाबायला सांगतं. लोक रोज एफ१ दाबून काम चालवतात आणि एक दिवस डिझाइनचं सॉफ्टवेअर म्हणतं, डोंगल सापडत नाही. मालकाला वाटतं डोंगल जळला. खरं कारण बोर्डावरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटण-बॅटरी. रात्री मेन स्विच काढला की बायोसची आठवण तिच्या एकटीवर चालते. ती संपली की सेटिंग कंपनीच्या मूळ अवस्थेला जातं, आणि त्याबरोबर प्रिंटर पोर्टचा मोडही बदलू शकतो.

लाइट काढून बॅटरी बदला, मशीन चालू करून डिलीट दाबून बायोसमध्ये जा. तारीख-वेळ टाका, हार्ड डिस्क ऑटोवर ठेवा. मग पॅरलल पोर्ट, म्हणजे तेच प्रिंटर पोर्ट, शोधा: पत्ता ३७८, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायचा नंबर) ७. पोर्टचा मोड (काम करायची पद्धत) ईसीपी असेल तर ईपीपी किंवा साधा एसपीपी करून बघा. कित्येक जुन्या डोंगलना ईसीपी मानवत नाही. सेव्ह करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

अक्षरं येऊन "डिस्क सापडत नाही" म्हणत असेल तर हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच पट्टीच्या केबलवर दोन्ही मास्टर (पहिला नंबर) झालेत का ते मागच्या जंपरवरून (पिनांवरच्या छोट्या टोपीवरून) बघा. एक मास्टर, एक स्लेव्ह (दुसरा नंबर) हवा.

विंडोज चित्रावर लटकत असेल, आणि तेही नवीन कार्ड बसवल्यानंतर, तर भांडण आयआरक्यूचं आहे. हे नंबर ० ते १५ एवढेच, त्यातले बरेच आधीच वाटलेले: ४ वर कॉम१, ३ वर कॉम२ (माउस-मोडेमची सिरियल पोर्टं), ७ वर प्रिंटर, १४ आणि १५ वर आयडीई (हार्ड डिस्क-सीडीची जोडणी). जुन्या आयएसए स्लॉटची कार्डं एक नंबर दोघांत वाटून घेत नाहीत. साउंड कार्ड ७ वर बसलं की प्रिंटर पोर्ट अडू शकतं. कॉम३ वरचा मोडेम कॉम१ च्या ४ वरच येतो, म्हणून नेट लावलं की सिरियल माउस थिजतो.

नवीन कार्ड काढून मशीन चालू होतं का बघा. नाहीच तर सुरुवातीला एफ८ दाबून सेफ मोड घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह शोधा. सगळ्यात वरच्या 'कॉम्प्युटर'वर डबल क्लिक केलं की कोणाकडे कुठला नंबर आहे ती यादी दिसते. न वापरलेलं कॉम२ बायोसमध्ये बंद केलं की ३ मोकळा होतो, तो नव्या कार्डाला द्या. पीसीआय (आयएसएनंतरच्या स्लॉटचं) कार्ड असेल तर आधी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा, कित्येकदा तेवढ्यानं भागतं.

मशीन चालू झालं की त्याच दिवशी हार्ड डिस्क काढून आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टरनं तिची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. ती प्रत एकदा याच मशीनला लावून चालते का तपासा, डिझाइनची फाइल उघडून बघा, आणि मगच ती कारखान्याबाहेर घरी ठेवा.