आधी विभागाचं घराणं ओळखा

अमेरिकेतल्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत कम्युनिकेशन किंवा मीडिया शिकायला आलेलं कुणी भेटलं की मी घर मिळालं का, खातं उघडलं का, हे विचारत नाही. ते पंधरा दिवसांत मार्गी लागतं. मी विचारते, तुमचा विभाग कोणत्या घराण्यातला? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. मलाही कळला नसता, आणि त्यापायी माझं पहिलं सेमिस्टर चाचपडण्यात गेलं.

आपल्याकडे 'मास कॉम' म्हटलं की पत्रकारिता, जाहिरात, पीआर, फिल्म सगळं एकाच छपराखाली येतं. इथे एकाच कॅम्पसवर कम्युनिकेशन, जर्नालिझम आणि मीडिया स्टडीज असे वेगवेगळे विभाग असू शकतात, वेगळ्या इमारतींत, वेगळ्या डीनच्या हाताखाली. कारण त्यांचे उगमच वेगळे आहेत.

एक घराणं वक्तृत्वाचं. १९१४ साली भाषणकला शिकवणारे १७ अध्यापक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. तीच आजची नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन. या घराण्यात रेटरिक, म्हणजे बोलून-लिहून मन वळवण्याची कला, आणि माणसामाणसांतला संवाद शिकवतात. दुसरं पत्रकारितेचं. मिझुरी विद्यापीठात १९०८ मध्ये वॉल्टर विल्यम्स यांनी जर्नालिझम स्कूल सुरू केलं आणि वर्ग भरले त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. हात काळे करून शिकायचं, हा बाणा तिथून आला. तिसरं संशोधनाचं. विल्बर श्रॅम आयोवाहून इलिनॉयला गेले आणि १९४७ मध्ये तिथे संज्ञापनाच्या, म्हणजे कम्युनिकेशनच्या, संशोधनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. सर्वेक्षण, प्रयोग, आकडेवारी ही या घराण्याची तालीम.

मी डॉक्युमेंटरी करायचं ठरवून आले होते आणि जाऊन बसले वक्तृत्वाच्या घराण्यात. कॅमेरे होते, पण दुसऱ्या विभागाचे. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगते: विभागाच्या नावावर आणि वेबसाइटवरच्या फोटोंवर जाऊ नका. दोन-तीन प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध उघडा आणि थेट पद्धतीचा भाग वाचा. तिथे कोष्टकं असतील तर पहिल्याच सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्सचा कोर्स घ्या, पुढे ढकलू नका. मुलाखती किंवा संहितेचं विश्लेषण असेल तर सिद्धांताची बैठक पक्की करा. आणि हवी ती गोष्ट दुसऱ्या विभागात असेल तर ॲडव्हायजरला विचारा. बाहेरचे काही कोर्स घ्यायची मुभा बहुधा असते. मोठ्या विद्यापीठाचा खरा फायदा हाच आहे आणि तो कुणी ताटात वाढून देत नाही.

सेमिनारला मात्र मन घट्ट करून बसा. दहा-बारा जण, टेबलाभोवती, आठवड्याला शंभर-दीडशे पानांचं वाचन. आपल्याला शांत बसून ऐकायची सवय असते, तो आदर समजतो आपण. इथे गप्प बसलेला माणूस वाचून आला नाही असं धरून चालतात. माझा पहिला पेपर परत आला तेव्हा समासात एकच प्रश्न होता: यात तुझं म्हणणं कुठे आहे? मी पंधरा अभ्यासकांची मतं नीट मांडली होती. माझं एकही वाक्य नव्हतं.

वाचायचं कसं, हे मला एका निबंधाने शिकवलं. मॅककोम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या १०० मतदारांना विचारलं, तुम्हाला महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात? मग ती यादी माध्यमांतल्या बातम्यांशी ताडून पाहिली. दोन्ही याद्या जवळजवळ जुळल्या. १९७२ मध्ये हा निबंध छापून आला आणि 'अजेंडा सेटिंग', म्हणजे लोकांनी कशाचा विचार करायचा हे माध्यमं ठरवतात, हा शब्द रुळला. शंभरच माणसं, एकच गाव, आणि मत अजून न ठरलेलेच मतदार. असेच का निवडले? माध्यमांमुळे लोकांचा प्रश्न ठरला की लोकांमुळे माध्यमांचा? असे दोन प्रश्न वहीत लिहून नेलेत की सेमिनारमध्ये बोलायला तोंड उघडतं. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, प्रश्न खरा हवा.

आता एक चूक, जी मी केली आणि तुम्ही करू नका. प्रबंधासाठी सहा जणांच्या मुलाखती उत्साहाने घेऊन टाकल्या आणि मग कळलं की माणसांवरच्या संशोधनाला आधी आयआरबी, म्हणजे विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. ती मागाहून मिळत नाही. सहाही मुलाखती बाजूला ठेवाव्या लागल्या. ज्यांनी दोन-दोन तास मन मोकळं केलं होतं, त्यांना हे सांगताना फार जड गेलं. वर्गातल्या सरावाला ही परवानगी सहसा लागत नाही, पण रेकॉर्डर सुरू करण्याआधी विचारून घ्या.

व्हिसाचं थोडक्यात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. शिक्षणानंतरची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, १२ महिन्यांची. पुढचे २४ महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या अभ्यासक्रमांना मिळतात, आणि कम्युनिकेशनचे बहुतेक अभ्यासक्रम त्या यादीत नाहीत. विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या तुमच्या आय-२० या कागदावर अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाच्या वर्गवारीचा क्रमांक, छापलेला असतो. तो आजच बघा आणि इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन त्याचा अर्थ विचारा. शेवटच्या सेमिस्टरला रडवेली झालेली मुलं मी पाहिली आहेत.

टीचिंग असिस्टंटशिप मिळाली तर बऱ्याचदा पदवीच्या मुलांचा पब्लिक स्पीकिंगचा वर्ग हाती येतो. ज्यांची इंग्रजी हीच मातृभाषा, त्यांना मी काय बोलायला शिकवणार, या विचाराने मला आदल्या रात्री झोप लागली नव्हती. पहिल्या तासाला मी हजेरीतली नावं वाचली, चुकले तिथे ज्याचं त्याला उच्चारायला सांगितलं आणि मग माझं नाव फळ्यावर लिहून त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीला ते जमेना. तिने तीनदा म्हणून पाहिलं, चौथ्यांदा जमलं, आणि पुढच्या आठवड्यात पहिलं भाषण करायला तीच आधी उठली.